डिलीट दाबून दाबून बोट दुखलं, तरी बायोस का उघडत नाही?

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, अर्धा तास झाला, डिलीट बडवतोय. एफ२ बडवलं, एस्केप बडवलं. दरवेळी सरळ विंडोजच येतंय. कीबोर्ड गेला का रे?"

कीबोर्ड ठणठणीत होता. त्याला म्हटलं, बोटं काढ आधी तिथून. स्टार्ट मेनू उघड, पॉवरवर क्लिक कर, आता शिफ्ट दाबून धर आणि धरलेलं असतानाच रीस्टार्टवर क्लिक कर. निळा मेनू आला, त्यात आणखी तीन क्लिक झाले आणि ज्या पडद्यासाठी तो अर्धा तास झगडत होता तो समोर आला. "एवढंच होतं?" म्हणाला. जरा खट्टूच झाला होता.

त्याला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जायचं होतं ते विंडोज ११ साठी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं विंडोज टाकायला गेलं की अनेक मशिन सांगतात, टीपीएम सापडत नाही, सिक्युअर बूट नाही. गंमत अशी की सुरक्षेच्या या दोन्ही सोयी मशिनमध्ये बहुधा असतात, नुसत्या बंद करून ठेवलेल्या असतात. त्या चालू करायची सोय विंडोजमध्ये नाही, बायोसमध्ये आहे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी बायोसचं नाव काढलं नव्हतं, तेही आता कॉम्प्युटर चालू करताना कीबोर्डवर तबला वाजवत बसलेत. आणि हुकलं की स्वतःलाच दोष देतायत. दोष त्यांच्या बोटांचा नाही.

## सगळ्यांच्या आधी उठणारा रखवालदार

पॉवर बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी कॉम्प्युटरला काहीच माहीत नसतं. रॅम कोरी असते. विंडोज डिस्कवर असतं, पण डिस्क वाचायची कशी हे सांगणारा प्रोग्रामही डिस्कवरच असेल तर तो वाचणार कोण? म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

यातून सुटका अशी केलेली असते की प्रोसेसर जागा होताच डोळे मिटून एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. आजच्या प्रोसेसरमध्ये हा पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या अगदी टोकाला, शेवटच्या १६ बाइटांत असतो. तो पत्ता मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये उघडतो. त्या चिपमध्ये जो प्रोग्राम कायम मुक्कामाला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. आणि पीसीच्या या फर्मवेअरचं जुनं, घरोघरी रुळलेलं नाव म्हणजे बायोस.

एखाद्या मोठ्या इमारतीचा रखवालदार डोळ्यासमोर आणा. तो पहाटे सगळ्यांच्या आधी येतो, दिवे लावतो, लिफ्ट चालतेय का बघतो, पाण्याचा पंप सुरू करतो. सगळं ठीक असेल तर मॅनेजरच्या हातात किल्ल्या देतो आणि बाजूला होतो. मॅनेजर म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. रखवालदाराची फेरी म्हणजे सुरुवातीची तपासणी: रॅम आहे का, प्रोसेसर ठीक आहे का, स्क्रीन सापडतोय का. स्क्रीनच सापडला नाही तर तो सांगणार कशावर? म्हणून काही मशिन पी-पी वाजतात, काही दिवे लुकलुकवतात.

या रखवालदाराकडे एक वही असते. आधी कुठलं दार उघडायचं, कोणाला आत सोडायचं, कुठली खोली बंद ठेवायची, सगळं त्यात लिहिलेलं. बायोस सेटअप म्हणजे ती वही. ती फक्त त्याच्या फेरीच्या वेळात मागता येते. एकदा किल्ल्या मॅनेजरकडे गेल्या की वही मिटली.

## बायोस म्हणू की यूईएफआय?

बायोस हे नाव सत्तरच्या दशकातलं, गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममधलं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यातलं बायोस जेमतेम ८ केबीचं होतं. आज मदरबोर्डवरची ही चिप १६ किंवा ३२ एमबीची असते. रखवालदाराच्या जागी एक अख्खं ऑफिस बसलंय म्हणा ना.

हे नवं ऑफिस म्हणजे यूईएफआय. इंटेलने आपल्या इटानियम प्रोसेसरसाठी सुरू केलेल्या कामातून ते आलं आणि २००५ पासून अनेक कंपन्यांचा मिळून एक मंच त्याचे नियम ठरवतो. माऊस चालतो, मोठ्या डिस्क ओळखतो, सह्या तपासतो. तुमचं मशिन गेल्या दहा वर्षांतलं असेल तर त्यात यूईएफआयच आहे. पण लोक बायोसच म्हणतात, कंपन्याही आपल्या वेबसाइटवर "बायोस अपडेट" असंच लिहितात. मीही पुढे बायोसच म्हणणार आहे.

## आधी सहज उघडायचं, आता का नाही?

जुना पीसी आठवतो का? काळा पडदा, रॅम मोजणारे आकडे भराभर वर चढतायत, डिस्क गुरगुरत वेग घेतेय, आणि सगळ्यात खाली एक ओळ: सेटअपसाठी डेल दाबा. पाच-दहा सेकंद आरामात मिळायची. चहाचा कप खाली ठेवून दाबलं तरी चालायचं.

मग एसएसडी आल्या, फर्मवेअर चपळ झालं आणि सगळ्यांना कॉम्प्युटर लगेच चालू व्हायला हवा होता. २०१२ मध्ये विंडोज ८ बनवताना मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी जाहीरच लिहिलं होतं की काही मशिनवर बटण दाबून मध्ये घुसायची संधी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरली आहे. पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. "एफ२ दाबा" ही ओळ वाचून होईपर्यंत एफ२ ची वेळ गेलेली असते. म्हणून तर बऱ्याच कंपन्यांनी ती ओळ दाखवणंच सोडलं.

त्यात आणखी दोन भानगडी आहेत, आणि त्यांची नावं सारखी असल्याने घोळ होतो. एक आहे फास्ट बूट, ते बायोसमधलं सेटिंग. ते चालू असेल तर रखवालदार फेरीतली काही कामं टाळतो. टाळलेल्या कामांत बऱ्याचदा यूएसबी उपकरणं जागी करणंही असतं. म्हणजे तुमचा कीबोर्ड त्या वेळी झोपलेला असतो. तुम्ही डिलीट कितीही बडवा, ऐकायला कोणी नसतं.

दुसरं आहे फास्ट स्टार्टअप, ते विंडोजमधलं. हे चालू असताना तुम्ही "शट डाउन" केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर एका फाइलमध्ये गुंडाळून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. उलट "रीस्टार्ट" केलं की सगळं पहिल्यापासून होतं. हे अगदी उलटं वाटतं, पण तसंच आहे: बायोस गाठायचं असेल तर शट डाउन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करणं बरं.

आणि एक कारण इतकं साधं की कोणाच्या लक्षातच येत नाही. मॉनिटर. काही मॉनिटरना, आणि टीव्ही जोडला असेल तर त्याला हमखास, चित्र दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर बायोसचा लोगो येऊन गेलेला असतो. तुम्हाला वाटतं लोगोच आला नाही. आला होता, तुमचा पडदा वर गेला नव्हता.

## दाराला धडका नकोत, आतूनच निरोप द्या

यावर उपाय म्हणून जे केलं गेलं ते मला फार आवडतं. बाहेरून दार ठोठावण्याची वेळ उरली नाही ना? मग मॅनेजरनेच जाता जाता रखवालदाराच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची: उद्या सकाळी किल्ल्या देऊ नकोस, आधी वही उघडून ठेव. यूईएफआयमध्ये अशा चिठ्ठीसाठी खास जागा आहे. विंडोज तिथे खूण करून ठेवतं, मशिन रीस्टार्ट होतं, फर्मवेअर ती खूण वाचतं आणि सरळ सेटअप उघडतं. बोटांची चपळाई लागतच नाही.

विंडोज ११ मध्ये रस्ता असा: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, आणि तिथे ॲडव्हान्स्ड स्टार्टअपसमोरचं "रीस्टार्ट नाऊ". विंडोज १० मध्ये रिकव्हरी हे "अपडेट अँड सिक्युरिटी"च्या आत असतं. किंवा भाच्याला सांगितला तो शिफ्ट आणि रीस्टार्टचा आडमार्ग. तो लॉगिनच्या पडद्यावरूनही चालतो, म्हणजे विंडोजचा पासवर्ड आठवत नसला तरी. पुढे निळा मेनू येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग "यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज", आणि शेवटी रीस्टार्ट.

कमांड लिहायला आवडणाऱ्यांसाठी: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून शटडाउन लिहायचं आणि त्यापुढे स्लॅश आर, स्लॅश एफडब्ल्यू, स्लॅश टी शून्य. यातलं "एफडब्ल्यू" म्हणजेच ती चिठ्ठी. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर सिस्टिमसीटीएल रीबूटला फर्मवेअर-सेटअप हा पर्याय जोडला की तेच होतं.

निळ्या मेनूत फर्मवेअर सेटिंग्जचा पर्यायच दिसला नाही तर? बहुतेक वेळा याचा अर्थ तुमचं विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये टाकलेलं आहे. जुन्या रखवालदाराकडे चिठ्ठ्यांची पेटीच नाही. मग बटण दाबण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि विंडोजच उघडत नसेल तर? मग निरोप देणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. लोगोखाली ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरून मशिन बंद करायचं. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोजला वाटतं आपलं काहीतरी बिनसलंय आणि ते दुरुस्तीचा तोच निळा मेनू घेऊन येतं. उगाच रोज करायची गोष्ट नाही ही, पण अडलेल्या वेळी उपयोगी पडते.

## तरीही बटणच दाबायचं असेल तर

लोगो दिसायची वाट बघू नका. पॉवर बटण दाबलं की लगेच सुरू करा आणि सेकंदाला दोन-तीनदा टकटक करत राहा. दाबून धरण्यापेक्षा टकटक बरी. जुन्या मशिनवर एखादं बटण दाबून धरलं तर रखवालदाराला वाटायचं कीबोर्डच अडकलाय, आणि तो "कीबोर्ड एरर" म्हणून थांबायचा. तिथे सेटअपचा पर्याय मिळायचा, म्हणून काही जुनेजाणते लोक मुद्दाम तसं करायचे! आता ती युक्ती सगळीकडे चालत नाही.

बटण कुठलं? डेलला एफ२. एचपीला एफ१०, किंवा आधी एस्केप आणि मग येणाऱ्या मेनूतून एफ१०. लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१, बाकीच्या बऱ्याच लेनोवोंना एफ२, आणि काहींच्या कडेला टाचणी जाईल एवढं भोक असतं, ते दाबलं की मेनू येतो. एसर आणि एसूसच्या लॅपटॉपला सहसा एफ२. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपला, म्हणजे गिगाबाइट, एमएसआय, एसूस वगैरेंच्या मदरबोर्डना, डिलीट. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसला आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत फरक असू शकतो, तेव्हा मॉडेलचं मॅन्युअल बघितलेलं चांगलं.

लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर उजेड किंवा आवाज कमीजास्त होत असेल, तर एफएन धरून एफ२ दाबून बघा. आणि कीबोर्ड ब्लूटूथचा असेल तर विसराच. ब्लूटूथची जोडणी बहुतेक मशिनवर विंडोज आल्यानंतरच होते. छोट्या यूएसबी रिसीव्हरवाले वायरलेस कीबोर्ड बहुधा चालतात. पण वायरचा कीबोर्ड, तोही हबमधून नको, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडलेला, यासारखं खात्रीचं काही नाही. माझ्या कपाटात एक जुना पिवळा पडलेला वायरवाला कीबोर्ड केवळ याच कामासाठी आहे.

## मग सगळ्यांनी मिळून एकच बटण का नाही ठरवलं?

कारण सुरुवातीला ठरवायला काही नव्हतंच. १९८१ च्या आयबीएम पीसीत सेटअप नावाचा पडदाच नव्हता. मशिन उघडून मदरबोर्डवरचे बारीक स्विच वर-खाली करायचे, हेच सेटिंग. १९८४ मध्ये पीसी एटी आला, तेव्हा सेटिंग बॅटरीवर चालणाऱ्या एका चिपमध्ये ठेवता येऊ लागलं. त्या चिपमध्ये एकूण जागा ६४ बाइट, त्यातली १४ घड्याळासाठी, उरली ५०. अख्खी वही ५० बाइटांची! आणि ती उघडायची तर वेगळी फ्लॉपी घालावी लागायची.

पुढे आयबीएमची नक्कल करणारे पीसी निघाले, त्यांच्यासाठी फिनिक्स, एएमआय, अवॉर्ड अशा कंपन्यांनी आपापलं बायोस लिहिलं आणि सेटअप चिपमध्येच बसवला. प्रत्येकीने आपल्याला सुचेल ते बटण ठेवलं. काहींना कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबावं लागायचं. पुढे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी त्यात आपल्या आवडीची भर घातली. एकदा लाखो मशिन आणि त्यांची मॅन्युअलं बाजारात गेल्यावर बटण बदलणार कोण? मला हा आळस वाटतो, खरं सांगायचं तर. पण विंडोजमधून जायची सोय झाल्यावर या भांडणात दमही उरला नाही.

## थांबा, तुम्हाला खरंच आत जायचंय का?

मला येणाऱ्या दहातल्या निम्म्या फोनमध्ये उत्तर "नाही" असं असतं.

पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स टाकायचं असेल तर बायोसच्या वहीला हात लावायचं कारण नाही. त्यासाठी बूट मेनू असतो, म्हणजे "आजच्यापुरतं कुठल्या दाराने जाऊ?" एवढंच विचारणारी यादी. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, एसूसच्या मदरबोर्डला एफ८. पेनड्राइव्ह निवडा, काम करा, पुढच्या वेळी मशिन आपोआप जुन्याच डिस्कवरून उठतं. काही एसर लॅपटॉपवर मात्र हा मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

नुसती माहिती हवी असेल, म्हणजे बायोसची आवृत्ती कुठली, सिक्युअर बूट चालू आहे का, तर विंडोजच्या सर्चमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा. उघडलेल्या यादीत "बायोस मोड" अशी एक ओळ असते. तिच्यासमोर यूईएफआय आहे की लेगसी, हे कुठल्याही बदलाआधी बघून ठेवा. का, ते पुढे सांगतो.

## आत गेलो आणि काही बिघडलं तर?

नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. बाणांच्या बटणांनी फिरा, वाचा, आणि सेव्ह न करता बाहेर पडा. बदल केला तरी तो एफ१० दाबून सेव्ह करेपर्यंत कागदावर उतरत नाही. माझी एकच सक्ती असते: काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एकदा एका मशिनवर डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर नेला, का तर "रेड" वाचून ते जास्त जोरदार वाटलं. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी बदलल्या. रीस्टार्टनंतर विंडोजचा निळा पडदा: बूट करायची डिस्क सापडत नाही. डिस्क जागेवर होती, सगळा डेटा जागेवर होता. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कशी बोलायला तयार होऊन बसलं होतं ती पद्धतच मी बदलली होती. पाचातला नेमका कुठला बदल नडला हे शोधण्यात एक दुपार गेली. मोड परत एएचसीआय केला आणि विंडोज जणू काही झालंच नाही असं उठलं.

आता ज्या कारणासाठी सध्या गर्दी आहे त्याकडे येऊ. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवायची कुलूपबंद डबी. बायोसमध्ये ती बहुधा टीपीएम या नावाने सापडतच नाही, म्हणून लोक गोंधळतात. इंटेलच्या मशिनवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या मशिनवर एफटीपीएम. चालू करायला सोपं.

सिक्युअर बूट जरा नाजूक. यात रखवालदार किल्ल्या देण्याआधी मॅनेजरची सही तपासतो. ओळखीची सही नसेल तर किल्ल्या नाहीत. विंडोज उठण्याआधीच घुसणाऱ्या व्हायरसला अडवण्यासाठी हे आहे. पण हे चालू करायचं तर जुन्या पद्धतीने बूट करायची सवलत बंद करावी लागते. बायोसमध्ये तिचं नाव सीएसएम. आणि तुमचं विंडोज लेगसी मोडमध्येच टाकलेलं असेल, तर सीएसएम बंद करताच मशिन "बूट डिव्हाइस नाही" म्हणून हात वर करतं. म्हणून ती "बायोस मोड"ची ओळ आधी बघायची. तिथे लेगसी असेल तर आधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न पुसता काम करतं. तरी बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. चुकून सीएसएम आधीच बंद केलं असेल तर घाबरू नका, परत चालू केलं की विंडोज परत येतं.

लोक रडकुंडीला येतात ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. बिटलॉकर. अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये बदल केला की त्या कुलपाला संशय येतो, मशिन दुसऱ्याच्या हातात पडलं की काय? मग ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड तरी आठवायला हवा. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ती की शोधून कागदावर उतरवा, आणि विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

सह्यांच्या बाबतीत आणखी एक. सिक्युअर बूट ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांवर चालतं ती २०११ सालची आहेत आणि जून २०२६ पासून त्यांची मुदत संपत जाते. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. अपडेट चालू असतील तर बहुतेकांना वेगळं काही करावं लागत नाही, काही मशिनना मात्र कंपनीकडून बायोस अपडेट घ्यावं लागतं. मुदत संपली म्हणजे मशिन सकाळी उठायचंच नाही, असा अर्थ नाही. सुरुवातीच्या टप्प्याच्या सुरक्षेची नवी अपडेट मिळत नाहीत, तो खरा तोटा.

## आणि बायोस अपडेट?

इथे मात्र भीती थोडी खरी आहे. सेटिंग बदलणं म्हणजे वहीत खाडाखोड, अपडेट म्हणजे रखवालदारच बदलणं. नवा पुरता रुजू व्हायच्या आत वीज गेली तर इमारत उघडायला कोणीच नाही. १९९८ साली निघालेला सीआयएच नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा. २६ एप्रिल ही त्याची ठरलेली तारीख, त्या दिवशी तो काही मशिनच्या बायोस चिपवर कचरा लिहायचा आणि मशिन मुकं व्हायचं. आता चिपवर लिहिण्याआधी सही तपासली जाते, काही मदरबोर्डवर राखीव बायोसही असतं. तरी अपडेट कंपनीच्याच साइटवरून, नेमक्या मॉडेलचं, आणि लॅपटॉप चार्जरला लावूनच करा.

## पासवर्ड मागतंय, आणि आठवत नाही

जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डची गोल बॅटरी काढून ठेवली की पासवर्ड पुसला जायचा, आणि इंटरनेटवर अजून तोच सल्ला फिरतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर पासवर्ड अशा मेमरीत असतो जिला बॅटरीची गरजच नाही. स्क्रू काढून बसाल आणि हाती काही लागणार नाही. खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

## तारीख दरवेळी मागे जाते, त्याचं काय?

याचं उत्तर त्याच गोल बॅटरीत आहे. सीआर२०३२, ३ व्होल्टची, नाण्याएवढी. मशिन बंद असताना रखवालदाराचं घड्याळ हीच चालवते. ती संपली की प्लग काढून मशिन पुन्हा चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते, किंवा काळ्या पडद्यावर "सीमॉस चेकसम एरर" येऊन एफ१ दाबायला सांगतं.

लोकांच्या हे लक्षात येतं ते मात्र भलत्याच ठिकाणी. ब्राउझर उघडला की एकही वेबसाइट सुरक्षित नाही असं म्हणतो. वेबसाइटची प्रमाणपत्रं आजची, तुमचं मशिन काही वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीत, मग प्रत्येक प्रमाणपत्र "अजून लागूच झालेलं नाही" असं दिसतं. माणूस राउटर बदलतो, अँटिव्हायरस काढतो, फॉरमॅट मारायला निघतो. आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

बॅटरी डेस्कटॉपवर स्वतः बदलता येते. मशिन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, कडेची पट्टी नखाने बाजूला केली की बॅटरी वर उडते, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसवायची. त्यानंतर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मशिन बहुधा स्वतःहूनच सेटअपमध्ये जायला सांगेल, बटण बडवावं लागणार नाही. तारीख आणि वेळ लावा, बूटचा क्रम आणि डिस्कचा मोड आधी काढलेल्या फोटोशी ताडून बघा, आणि एफ१०.